झाकलेल्या घड्याळाखालचे तीन दिवस

(राज्याच्या विधानभवनातलं ग्रंथालय. सोमवार, सकाळचे अकरा.)

मार्गित : नाही, मी बसणार नाही. त्र्याऐंशी वर्षांची असले तरी मला उभ्यानं भांडता येतं. आधी सांग, हा एल. कोवारिक कोण? ही बघ त्याची सही. "आपल्या आई विधानसभेच्या सदस्य असणं शक्य नाही." शक्य नाही म्हणे!

मिला : तो नव्हे, ती. ल्युडमिला कोवारिक म्हणजे मीच. सगळे मिला म्हणतात.

मार्गित : तू? फोनवर एवढी गोड बोलत होतीस ती?

मिला : हो. आणि एकवीस वर्षांपूर्वी ते पत्रही मीच लिहिलं. म्हणून तर या वेळी टपालानं कळवलं नाही. तुमच्यासमोर, तोंडानं सांगायचं होतं. बसा ना, मार्गितबाई. बसूनही भांडता येईल.

मार्गित : दोनशे मैल बसूनच आले, पुतण्याच्या गाडीतून. बरं, बसते. हा डबा कुठे ठेवू? लेफ्से आहेत. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. भांडायचं ठरवूनच निघाले होते, पण रिकाम्या हातानं कुणाकडे जायची सवय नाही.

मिला : तिकडे खिडकीत ठेवा. कागदांजवळ लोणी आलं की माझा जीव वर-खाली होतो.

मार्गित : ठेवला. आता बोल. मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. पहिलं चौऱ्याहत्तर साली, दुसरं अठ्ठ्याऐंशी साली, तिसरं दोन हजार तीन साली. तिन्हींना तेच उत्तर.

मिला : पाठ आहे मला. अधिवेशन संपलं तीस एप्रिल एकोणीसशे एकावन्नला. आमदार तोलेफ स्कार्बो, म्हणजे तुमचे वडील, वारले एक मेला. अधिवेशन संपल्यावर वारलेल्या माणसाच्या जागी दुसरं कुणी येऊन बसेल कसं?

मार्गित : बरोबर. आणि मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, मलासुद्धा त्यात चूक काढता येईना. याचाच राग जास्त येई. कारण आई बसली होती. तिनंच सांगितलं होतं मला.

मिला : काय सांगितलं होतं? त्यांच्याच शब्दांत सांगा.

मार्गित : एकावन्न साली मी दहा वर्षांची. मंगळवारी तार आली की बाबा राजधानीत हॉटेलच्या जिन्यावरच गेले. आई त्यांना आणायला रेल्वेनं निघाली. स्टेशनवर पक्षाची माणसं टोप्या हातात घेऊन उभी. ती माणसं म्हणाली, बाई, कामकाज अजून चाललंय, तुमच्या जिल्ह्याच्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नाही. जिल्ह्याच्या मंडळाला आम्ही फोन केलाय, ते तुमची नेमणूक करतायत. आई गेली. तीन दिवस बसली. मग बाबांना घेऊन घरी आली.

मिला : आणि घड्याळाबद्दल काही म्हणाल्या होत्या?

मार्गित : तुला कसं ठाऊक? म्हणायची, "समोर घड्याळ होतं, पण त्याच्यावर द्वारपालाचा कोट टांगला होता." आम्हाला वाटे, त्या दिवसांचं दुःख, काहीतरी भलतंच डोक्यात बसलंय बिचारीच्या.

मिला : भलतं काही नव्हतं. कोटच होता. राज्यघटना सांगते, अधिवेशन तीस एप्रिलला संपलंच पाहिजे. एकावन्न साली कामं उरली. मग त्यांनी आपल्याकडे तेव्हा सगळे करत तेच केलं. बारा वाजायच्या आत घड्याळ थांबवून झाकून टाकलं. घड्याळ पुढे सरकत नाही म्हणजे तारीखही सरकत नाही. सभागृहाबाहेर मंगळवार आला, बुधवार आला, शुक्रवार आला. आत सोमवारच. छापील वृत्तांतात सगळंच्या सगळं तीस एप्रिल.

मार्गित : थांब. म्हणजे बाबा मंगळवारी गेले तेव्हा...

मिला : तेव्हा सभागृहात अजून सोमवार होता. लेखनिकाची पंचाईत बघा. त्याला लिहिता येईना की सदस्य वारले, कारण त्याच्या वहीत ते उद्या वारणार होते. आणि ते वारलेच नाहीत तर नव्या सदस्याची शपथ तरी कुठे लिहिणार? त्यानं दोन्ही गाळलं. मतदानाच्या यादीत पहिलं नाव कुणी लिहीत नसे, आडनावच. स्कार्बो होतं, स्कार्बोच राहिलं.

मार्गित : अरे देवा. म्हणून ती कोलांटी!

मिला : हो. तीच.

मार्गित : तुला माहीत आहे का, मुली, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते छापलंय? जिल्हा परिचारिकांचा कायदा. "आमदार स्कार्बो यांनी एकाच दिवसात विरोधातून समर्थनात उडी मारली." वर्गातली पोरं विचारायची, बाई, हे तुमचे कोण? मी त्या पानावर आले की खडू शोधायला लागायची. आमच्या गावाला खरं माहीत होतं. पण गावाबाहेर बाबांना कुणी विकला गेलेला म्हणायचं, कुणी भित्रा.

मिला : मलाही ते पुस्तक शिकवलं होतं. गेल्या सप्टेंबरात एका कॉलेजच्या प्राध्यापिकेनं फोन केला. तिनं साधा प्रश्न विचारला, स्कार्बोंनी मत का बदललं? मी उत्तर द्यायला वृत्तांत काढला. तीस एप्रिलची पानं उलटतेय, उलटतेय, संपेनात. चारशे पानं! एका दिवसाची. मग मी प्रार्थना मोजल्या.

मार्गित : प्रार्थना?

मिला : सभागृहाचं काम रोज पाद्रीबाबांच्या प्रार्थनेनं सुरू होतं. दिवसाला एक. तीस एप्रिलला पाच निघाल्या.

मार्गित : सोमवार ते शुक्रवार.

मिला : सोमवार ते शुक्रवार. तुमचं पत्र माझ्याच कपाटात, माझ्याच सहीच्या उत्तरासकट. तुम्ही सांगितलेले तीन दिवस मी "शक्य नाही" म्हणून परत पाठवले होते.

मार्गित : हं. डोळे पूस आधी. मी अजून भांडण सोडलेलं नाही.

मिला : नका सोडू. पण नुसत्या प्रार्थनांवर माझं भागत नाही. दोन कागद लागतात, त्या काळातले, दोन वेगळ्या हातांचे. म्हणून शपथपत्र शोधलं. ते विधानसभेत राहत नाही, राज्याच्या सचिवालयात जातं. आमदारांच्या शपथांत नव्हतं. चार महिने दर गुरुवारी दुपारी तळघरात बसले. अकराव्या खोक्यात सापडलं. नोटरींच्या शपथांमध्ये.

मार्गित : आई नोटरी कधी झाली?

मिला : नव्हत्याच. पण कागदावर तारीख होती दोन मे. तिथल्या कारकुनानं विचार केला असेल, अधिवेशन तर संपलंय, मग ही बाई नोटरीच असणार. घ्या. सावकाश. कडेला धरा.

मार्गित : ...ही तिचीच सही. "ग" बघ, कसा पोट काढून बसलाय. दुधाच्या पावत्यांवर असाच काढायची. मुली, मला जरा पाणी दे.

मिला : देते.

वेंडेल : मिलाबाई, आत येऊ का? आलोच. म्हणजे बघा, तुमचं सकाळचं टिपण वाचलं आणि धावतच आलो. ही नोंद आज चढवू नका, एवढीच विनंती.

मिला : मार्गितबाई, हे वेंडेल. विधानसभेचे सचिव. वेंडेल, या मार्गित ओडेगार्ड. गुद्रुन स्कार्बोंची मुलगी.

वेंडेल : अरे! नमस्कार, बाई. मला ठाऊक नव्हतं आपण इथे... मी आपल्या आईंच्या विरुद्ध नाही हं. अजिबात नाही.

मार्गित : मग कुणाच्या विरुद्ध आहेस, पोरा?

वेंडेल : तारखेच्या. म्हणजे बघा, ही आमदारांची यादी राज्याच्या नावानं इंटरनेटवर जगभर दिसते. त्यात आपणच लिहिलं की बाईंनी दोन मेला शपथ घेतली आणि नंतर मतं दिली, तर आपणच कबूल केलं की अधिवेशन मुदतीबाहेर चाललं. त्या दिवसांतले एकोणचाळीस कायदे आहेत. उद्या एखादा वकील उठेल आणि माझ्या दारात उभा राहील.

मिला : उठला तर त्याला कोर्टाचा निकाल दाखवा. वृत्तांत अंतिम. त्याच्याविरुद्ध पुरावा चालत नाही, कोटही नाही, कॅलेंडरही नाही. ते कायदे माझ्या यादीनं हलत नाहीत.

वेंडेल : तेच तर म्हणतोय मी! वृत्तांत अंतिम. आणि वृत्तांतात गुद्रुन स्कार्बो नाहीत. त्यात नसलेली व्यक्ती तुम्ही सदस्य म्हणून कशी घेणार? तुमचाच नियम आहे, वृत्तांताशी न जुळणारं काही चढवायचं नाही. मला किती वेळा ऐकवलाय तुम्ही.

मार्गित : झालं. नकाराचं चौथं पत्र.

मिला : थांबा, मार्गितबाई. वेंडेल, तो लाल कातडी पुठ्ठ्याचा खंड उघडा. खूण घातलीय. तिसरी प्रार्थना. मोठ्यानं वाचा, तुमचा आवाज सभागृहाचा आहे.

वेंडेल : प्रार्थना कोण वाचतं हो वृत्तांतातली? मी तर पान उलटतो. बरं... "हे प्रभू, आजच्या दिवसाचं काम..." हे नेहमीचं... "काल आमच्यामधून तू तोलेफला बोलावून घेतलंस. त्याची खुर्ची रिकामी पाहवत नव्हती. आज तिथे त्याची पत्नी गुद्रुन बसली आहे. तिचा मृत पती अजून या शहरात आहे, आणि ती इथे आहे. तिला बळ दे, आणि आम्हाला तिच्यासमोर नीट वागण्याची बुद्धी दे." ...हे छापलंय. वृत्तांतात छापलंय.

मिला : लेखनिकाला तारीख सांभाळायची होती. पाद्रीबाबांना नव्हती. ते जे दिसलं त्याची प्रार्थना करून मोकळे झाले, आणि प्रार्थना कापायची लेखनिकाची छाती झाली नाही.

वेंडेल : म्हणजे वृत्तांतच म्हणतोय की त्या बसल्या होत्या.

मिला : पान चौदाशे बारा. अंतिम. त्याच्याविरुद्ध पुरावा चालत नाही.

वेंडेल : मिलाबाई, तुमच्यापुढे हात टेकले. बाई, तुम्हाला सांगतो, ही बाई काय चीज आहे ते या इमारतीत कुणाला कळत नाही. एकशे तीस वर्षांचे सगळे आमदार, सहा हजारांच्या वर माणसं. आमच्याकडे एक नायहुस होते, चाळीस वर्षं आमदार. हिनं शोधून काढलं, ते बापलेक होते. तीन होल्टर होते, ते एकच निघाले, दर निवडणुकीला पक्ष बदलणारे. रविवारी ही ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन दफनभूमीत जाते, दगडावरच्या तारखा वाचायला!

मिला : शेवाळ असतं. त्याला मी काय करू?

वेंडेल : आणि कुणीही विचारो. मुख्यमंत्री विचारो, नाहीतर पणजोबांना शोधणारी एखादी आजी. दोघांना तेवढ्याच शब्दांचं उत्तर. आधी हे सगळं जाड पुस्तकात होतं, पुस्तक या खोलीत, आणि खोलीला कुलूप. हिनं एकेक नाव स्वतः टंकून ते जगाला उघडं केलं. सात वर्षं लागली.

मिला : आठ. आणि त्यात चुका आहेत, वेंडेल. त्याही सांगा.

वेंडेल : ते तर आणखी पुढचं. हिची दुसरी यादी आहे, चुकांची. काय चुकलं होतं, किती वर्षं चुकलेलं राहिलं, कुणी दाखवलं. तीही सगळ्यांना दिसते. मी म्हटलं होतं, आपलंच हसं कशाला करून घ्यायचं? तर म्हणाली, जी यादी आपल्या चुका लपवते तिच्यातलं बरोबर असलेलं तरी लोकांनी का मानावं?

मार्गित : मग या चुकीपुढे काय लिहिणार आहेस, मुली?

मिला : लिहून ठेवलंय. वाचते. "गुद्रुन स्कार्बो यांचं नाव त्र्याहत्तर वर्षं वगळलेलं होतं. ही चूक मार्गित ओडेगार्ड यांनी एकोणीसशे चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी आणि दोन हजार तीन साली लक्षात आणून दिली. तिन्ही वेळा त्यांना चुकीचं उत्तर देण्यात आलं. तिसरं उत्तर ही यादी ठेवणाऱ्या व्यक्तीनं दिलं होतं." चालेल?

मार्गित : शेवटचं वाक्य खोड.

मिला : नाही.

मार्गित : मी सांगतेय ना, खोड. माझा राग गेला.

मिला : तुमचा राग गेला म्हणून माझं पत्र गेलं नाही, मार्गितबाई. ते राहू दे.

मार्गित : हट्टी आहेस. आमच्या घरात खपली असतीस.

वेंडेल : आणि तारखेचं, मिलाबाई? तेवढं सांगा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

मिला : दोन्ही लिहायच्या, शेजारी शेजारी. "शपथपत्रावर दोन मे, वृत्तांतानुसार तीस एप्रिल." खाली एक ओळ, घड्याळ झाकण्याच्या प्रथेची. दोन्ही कागद खरे आहेत. एकाला खोटं पाडायचं काही कारण नाही.

वेंडेल : हे मी वकिलाला तोंड वर करून सांगू शकतो.

मिला : आता एक गोष्ट राहिली, मार्गितबाई. परवानगी मागत नाहीये, पण आधी कानावर घालायला हवं. नाव चढलं की मतही त्यांच्या नावावर जाईल. सोमवारचा "नाही" तोलेफ यांचा. शुक्रवारचा "हो" गुद्रुन यांचा. लोक म्हणतील, नवऱ्याला माती द्यायच्या आधी बाईनं त्याच्या उलट मत दिलं.

मार्गित : म्हणतील काय, म्हणालेच. आत्यानं तर अंत्यविधीनंतरच्या कॉफीलाच ऐकवलं, सगळ्यांच्या देखत. आई कॉफी ओतत राहिली. मी दहा वर्षांची, आत्याच्या बाजूची. तीन वर्षं मी आईशी धड बोलले नाही, मुली. जेवायला हाक मारली तरी नुसती मान हलवायची.

मिला : मग?

मार्गित : मग एकदा मी फणकाऱ्यानं विचारलं, बाबांच्या खुर्चीत बसून बाबांच्या उलट का गेलीस? ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुझ्या बाबांना माझं मत ठाऊक होतं. अख्खा हिवाळा याच टेबलावर आम्ही त्या परिचारिकांवरून भांडलो. ते म्हणायचे, शेतकऱ्यावर आणखी कर नको. मी म्हणायचे, जिल्ह्यात एक तरी शिकलेली बाई हवी, जी बाळंतपणाला घोड्यावरून का होईना, पोचेल. त्यांनी मला पटवलं नाही, मी त्यांना पटवलं नाही. मेल्या माणसाची समजूत काढल्यासारखं मत दिलं असतं, तर ते आयुष्यभर मला हसले असते."

वेंडेल : वा!

मार्गित : तेव्हापासून मी ही पत्रं लिहितेय. आईला मोठेपणा हवा म्हणून नाही. त्या पुस्तकात दोघांचा मिळून एक माणूस केलाय आणि तो एक माणूस लबाड निघालाय. आमच्या घरात कुणी मत बदलणारं नव्हतं, पोरांनो. बाबा मरेपर्यंत "नाही"वर होते. आई मरेपर्यंत "हो"वर. आणि दोघांचं एकमेकांवर जिवापाड होतं. एवढंच सरळ लिहायचंय. चढव.

मिला : चढवते. आडनाव स्कार्बो. नाव गुद्रुन. शपथपत्रावर कारकुनानं "मिसेस तोलेफ स्कार्बो" टंकलंय, ते टिपेत घेते. जिल्हा तोच. कालावधी लिहिला. व्यवसाय? शपथपत्रावर ती जागा कोरी आहे.

मार्गित : बाबांपुढे काय आहे?

मिला : शेतकरी.

मार्गित : मग तिच्यापुढेही तेच. नंतर चौतीस वर्षं तीच जमीन तिनं एकटीनं कसली.

मिला : शेतकरी. झालं. हे बटण तुम्ही दाबता?

मार्गित : नको. भलतंच काही दाबलं जायचं. तूच दाब.

मिला : दाबलं. बघा, आता कुणालाही दिसेल. तोलेफच्या वरच आहेत.

मार्गित : दिसलं. वरच बसलीय. शेजारी नाही का आणता येणार? असो, असो. वर्णानुक्रम म्हणजे वर्णानुक्रम, मलाही कळतं.

वेंडेल : बाई, एक विचारू? त्या तीन दिवसांत सभागृहात नुसतं "स्कार्बो" पुकारलं गेलं असणार. आईंचं पूर्ण नाव एकदाही नाही. रोज नावं पुकारणं हे माझं कामच आहे. तुमची हरकत नसेल तर...

मार्गित : इथे? आता?

वेंडेल : इथेच. मी उभा राहतो. हं. स्कार्बो, गुद्रुन.

मार्गित : हजर होती.